एका दगडाचे गाव : सेंत एमिलियों

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, बोर्दो शहराच्या पूर्वेस, द्राक्षमळ्यांनी वेढलेले सेंत एमिलियों हे चिमुकले गाव आहे. ८ व्या शतकात एमिलियों नावाचा साधू येथील गुहेत राहिला, अशी परंपरा सांगते. पुढे १२ व्या शतकाच्या सुमारास येथील चुनखडकात एक भव्य चर्च कोरण्यात आले. याच खडकातून घरांसाठी दगड निघाला आणि रिकाम्या झालेल्या भुयारांत मद्याची पिंपे विसावली. पावसाचे पाणी साठवून हाच खडक उन्हाळ्यात वेलींची तहान भागवतो. घर, तळघर आणि मळा ही तिन्ही एकाच दगडाची देणगी होय!

मात्र कोरण्यालाही मर्यादा असते. पोकळ केलेल्या त्या चर्चवर उंच घंटाघर उभे राहिले. त्याचा भार पेलणाऱ्या खांबांना अलीकडच्या काळात धातूच्या पट्ट्यांचा आधार द्यावा लागला. १९९९ मध्ये युनेस्कोने गावासह सभोवतालच्या मळ्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

येथील गल्ल्या चढ-उताराच्या व दगडी आहेत; पायांत भक्कम जोडे हवेत. चर्च मात्र मार्गदर्शकासोबतच पाहावे लागते. वारसा हे मुद्दल आहे. प्रवाशाने व्याजाचा आनंद घ्यावा, मुद्दलास धक्का लावू नये.