कंपनीच्या टेपला अ‍ॅम्प जोडताय? आधी बॅटरीजवळचा फ्यूज बघा!

शिरूर कासार : ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की तालुक्यात गाड्यांची कामं निघतात. टायर, ब्रेक, ऑइल झालं की पोरांची नजर जाते टेपवर. कंपनीचा टेप ठेवायचा, पण आवाज दणदणीत पाहिजे, अशी मागणी असते. हे जमतं. मात्र एक वायर चुकीची ओढली तर गाणं राहतं बाजूला आणि हप्त्यावरची गाडी पेटते. म्हणून काम वायरमनकडून करून घेणाऱ्यानंही एवढी माहिती ठेवायला हवी.

कंपनीच्या टेपचा आवाज कमी का?
टेपवर ‘50 वॅट × 4’ लिहिलेलं असलं तरी तो क्षणभराचा आकडा असतो. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. एवढ्या व्होल्टवर साधा टेप 4 ओहमच्या स्पीकरला सलग साधारण 15 ते 20 वॅटच देऊ शकतो. वरचा जोर अ‍ॅम्प देतो.

सिग्नल कुठून घ्यायचा?
बाजारातल्या टेपला मागे अ‍ॅम्पसाठी आरसीए पिना असतात. कंपनीच्या टेपला बहुतेक वेळा नसतात. मग दोन मार्ग आहेत. अ‍ॅम्पला ‘हाय लेव्हल इनपुट’ असेल तर टेपच्या स्पीकर वायरी थेट तिथं जोडायच्या. नसेल तर मधे ‘हाय-लो कन्व्हर्टर’ नावाची छोटी डबी बसवायची.

इथं एक चूक नेहमी होते. स्पीकरची मायनस वायर म्हणजे अर्थ समजून ती बॉडीला लावली जाते. टेपच्या प्लस आणि मायनस, दोन्ही वायरींत सिग्नल असतो. मायनस बॉडीला टेकली की टेपची आयसी जाते. तसंच अ‍ॅम्पची वायर स्पीकरला दिल्यावर टेपची जुनी वायर त्याच स्पीकरला ठेवायची नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरी कापू नका, त्या मॉडेलचा कपलर घ्या. कापलेल्या वायरीमुळे वॉरंटी आणि विम्याच्या वेळी वाद होतो.

सगळ्यात महत्त्वाचा फ्यूज
अ‍ॅम्पचा करंट टेपच्या वायरीतून घेता येत नाही. बॅटरीपासून वेगळी जाड वायर आणावी लागते. तिच्यावर बॅटरीच्या टोकापासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच.

‘अ‍ॅम्पमध्ये फ्यूज आहे की!’ असं बरेच जण म्हणतात. तो फ्यूज अ‍ॅम्प वाचवतो, वायर नाही. बोनेटमधून सीटखाली जाणारी दहा-पंधरा फुटांची वायर मधेच पत्र्याला घासून सोलली, तर करंट अ‍ॅम्पपर्यंत जातच नाही, तिथूनच बॉडीत उतरतो. बॅटरी तेव्हा शेकडो अँपिअर सोडू शकते. वायर लालबुंद होते, कव्हर पेटतं. तोडीच्या वाटेवर रात्री गाडीत घरची माणसं, लेकरं झोपलेली असतात. बॅटरीजवळ फ्यूज असेल तर तो उडतो आणि विषय तिथंच संपतो. पत्र्यातून वायर जाते त्या भोकाला रबरी बुश लावायला विसरू नका.

हिशोब सोपा आहे. साध्या प्रकारच्या 200 वॅट खऱ्या ताकदीच्या अ‍ॅम्पला बॅटरीतून साधारण 400 वॅट लागतात, कारण निम्मी वीज उष्णतेत जाते. म्हणजे 30 अँपिअरच्या आसपास. त्याला 8 गेजची शुद्ध तांब्याची वायर आणि 30 अँपिअरचा फ्यूज. आतून पांढरी दिसणारी, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तेवढ्याच जाडीत कमी करंट पेलते. फ्यूज उडाला म्हणून मोठा टाकायचा नाही, तार गुंडाळायची तर नाहीच.

बाकीच्या जोडण्या
अर्थिंग : तेवढीच जाड वायर, जवळच्या बॉडीला, रंग खरवडून, बोल्टनं घट्ट. रेस वाढवल्यावर ‘कुंईऽऽ’ आवाज येत असेल तर आधी अर्थ तपासा. पॉवर आणि सिग्नलच्या वायरी वेगवेगळ्या बाजूनं न्या.

रिमोट वायर : ही चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या लाइनवर द्यायची. थेट बॅटरीवर दिली तर अ‍ॅम्प रात्रभर चालू राहतो आणि सकाळी गाडीला धक्का मारावा लागतो.

गेन : हा आवाजाचा कान नव्हे. तो शून्यावर ठेवून टेप पाऊणपर्यंत वाढवा, मग गेन हळूहळू फिरवा. आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या. फाटक्या आवाजानंच स्पीकर जळतात.

ट्रकवाल्यांनी : बऱ्याच मोठ्या गाड्यांची लाइन 24 व्होल्टची असते. 12 व्होल्टचा अ‍ॅम्प थेट जोडला तर जळतो.

काम झाल्यावर
पैसे देण्याआधी बोनेट उघडून फ्यूज दाखवायला सांगा. नंतर अर्धा तास वाजवून वायरीला हात लावून पाहा. वायर गरम लागली तर ती बारीक आहे किंवा जोड सैल आहे, तसंच पुढं जाऊ नका.

आणि हो, रात्री 10 ते सकाळी 6 मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपक वाजवायला बंदी आहे. आवाज गाडीपुरता ठेवा, हॉर्न आणि मागच्याची हाक ऐकू आली पाहिजे.