माचीवरची परसबाग, दोरीवरचं प्रदर्शन

जीप नारिवलीत सोडते आणि परत फिरते. भाद्रपद सरत आलाय. खांद्याला ड्रॉइंग बोर्ड, पाठीवर रंग, ब्रश, कागद आणि पाण्याच्या बाटल्या. समोर सिद्धगड. निम्म्यावर माची, वर बालेकिल्ला, कातळाला ढगाची एक पट्टी अडकलेली.

खाचरांत भात निसवलाय. बांधावर तेरडा गुलाबी झालाय. वाट रानात शिरते आणि उकाडा सुरू होतो. वारा नाही. कारवी दोन्ही बाजूंनी अंगावर येते, बोर्ड तिच्यात अडकतो. शर्ट पाठीला चिकटतो. याच सिद्धगडच्या रानात 2 जानेवारी 1943 रोजी स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. आता फक्त पाण्याचा आवाज, आणि मधूनच एखाद्या शेकरूची फांदीवरची धडपड.

चढ संपता संपत नाही. गडाचा माथा हजार मीटरच्या थोडा आतच, पण आपल्याला तिथवर जायचं नाही. पडका दरवाजा लागतो, कोंबडा आरवतो, म्हणजे वाडी आली.

घरं कौलारू. काहींच्या भिंती अजून कुडाच्या, शेणामातीनं सारवलेल्या. प्रत्येक घरामागे परस. कुंपण कारवीच्या काठ्यांचं. आत काकडीचा मांडव, दोडक्याचा वेल, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, दोन केळी, मिरचीची रोपं, हळदीचा वाफा. कडेला झेंडू, दसऱ्यासाठी राखलेला. कुंपणापलीकडे लगेच जंगल. भीमाशंकर अभयारण्य 1985 मध्ये जाहीर झालं आणि ते पुणे, ठाणे, रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलंय. त्या अफाट रानाला टेकून ही हातभर बाग.

एका परसाशी बसतो. “काय काढताय भाऊ? गड तिकडं हाय,” आजी बोट दाखवतात.

“गड नाही आजी, तुमचा मांडव.”

“ह्यात काय काढायचं?” म्हणत त्या खुरपं घेऊन वाफ्यात बसतात.

पूर्वेला घाटमाथ्याची भिंत. त्यामुळे ऊन इथे उशिरा उतरतं. ते मांडवावर येईपर्यंत थांबायचं. कागद 15 बाय 11 इंचांचा, 300 जीएसएमचा, चारही कडांनी चिकटपट्टी लावलेला. पेन्सिलीच्या चार रेघा. मांडवाचे खांब, कौलाची कड, मागे कातळ. बस्स.

ऊन येतं. आता घाई. काकडीचं पान उन्हाच्या अलीकडून बघितलं तर पिवळं दिसतं, आरपार. तेच पान वरून बघितलं तर निळसर, आभाळ पडलेलं. ट्यूबमधला तयार हिरवा इथे चालत नाही, सगळी बाग प्लॅस्टिकची होते. गँबोजमध्ये प्रशियन ब्लूचा ठिपका, आरपार पानांसाठी. अल्ट्रामरीनमध्ये किंचित बर्न्ट सिएना, मांडवाखालच्या सावलीसाठी. सावली काळी नाहीच, जांभळट आहे. फटींतून जमिनीवर पडलेले कवडसे म्हणजे कोरा कागद. तो सोडायचा. जलरंगात पांढरं लावत नाहीत, राखतात.

पहिला वॉश ओला आहे. वाळत नाही. हवेत इतका दमटपणा की कागद पाणी सोडायला तयार नसतो. वाट बघायची. घाम डोळ्यांत उतरतो. माश्या येतात. एक कोंबडी पाण्याच्या डब्यात चोच घालते. पाणी निळं आहे, ती मान झटकते.

पोरं जमतात. आधी लांबून, मग पाठीशी, मग मानेवर श्वास लागेल इतकी जवळ. “काका, ह्यो रंग खायचा हाय का?” प्रत्येकाला तळहातावर एक ठिपका हवा. रांग लागते. ठिपका मिळालेला पुन्हा शेवटी जाऊन उभा राहतो.

वॉश वाळेपर्यंत दुसरं काही करता येत नाही, म्हणून विचार येतात. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थाचं तेच पाणी वर्षानुवर्षं रंगवत राहिले. फ्रान्समध्ये क्लोद मोने 1883 मध्ये जिव्हर्नीला राहायला गेले, तिथे त्यांनी स्वतःची बाग उभी केली, माळी ठेवले आणि तळ्यातल्या कमळांची अडीचशेच्या आसपास चित्रं काढली. मोनेंची बाग चित्रासाठी लावलेली होती. ही बाग कालवणासाठी लावलेली आहे. इथे वेल कुठे चढवायचा हे रंगसंगती ठरवत नाही, न्हाणीचं पाणी ठरवतं.

उन्हं कलतात. शाळेच्या पडवीच्या दोन खांबांना दोरी बांधतो. कपड्यांचे चिमटे, आणि त्यांत आजची आणि आधीच्या फेऱ्यांची चित्रं. दिवे नाहीत, फ्रेम नाहीत. पाचेक मिनिटांत पडवी भरते. शेतावरून आलेल्या बाया विळे कमरेला तसेच ठेवून उभ्या राहतात. कोणी कलेबद्दल बोलत नाही. “हे आमचं न्हाणीघर.” “हा दोडका जून झालाय, बियाला ठेवला असंल.” “हे मागल्या सालचं, तवा कौल फुटलं होतं.” प्रत्येक चित्राला पत्ता मिळतो.

आजी चष्मा नसलेले डोळे बारीक करून आपल्या मांडवापुढे थांबतात. बोट कागदाला लागू न देता फिरवतात. “मिरची कुठं हाय माझी?”

मिरची चौकटीबाहेर ठेवली आहे. मांडणीसाठी. डावीकडे तीही आली असती तर नजर मांडवावर ठरली नसती. हे त्यांना सांगतो. त्या ऐकून घेतात आणि म्हणतात, “मांडव हप्त्यातून एकदा जेवू घालतो. मिरची रोज.”

यावर काय बोलणार?

हीच चित्रं पुढे मुंबईला जातात. काळा घोड्याच्या जहांगीर कलादालनात 1952 पासून प्रदर्शनं भरतात. तारीख मिळायला वर्षं थांबावं लागतं, आणि मिळतो तो एक आठवडा. तिथे गारवा असतो, पांढऱ्या भिंती असतात, काचेवर दिव्याची तिरीप पडते. लोक हलक्या आवाजात बोलतात. अभिप्रायाच्या वहीत “हिरवाई मोहक” असं लिहिलेलं असतं. चित्र गेलं की कोपऱ्यात लाल टिकली. ती लागली की बरं वाटतं, घर त्यावरच चालतं. पण तिथे दोडका जून आहे की कोवळा, हे कोणी विचारत नाही. विचारायला कोणी ओळखतच नाही.

गॅलरी चित्राला किंमत देते. पडवी चित्र तपासते. दोन्ही हवं, पण आधी पडवी. बागेची चित्रं काढणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: चित्र फ्रेममध्ये जाण्याआधी एकदा ज्याची बाग त्याच्या दारात टांगा. भाडं लागत नाही, तारखेसाठी रांग नसते. आणि बघणाऱ्यांना: पुढच्या वेळी भिंतीवर बाग दिसली, तर हिरवं छान आहे म्हणण्याआधी त्यात काय पिकतं ते विचारा.