पौषातील श्वास

ग्वाल्हेरची थंडी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना अनुभवल्याखेरीज खरी वाटत नाही. पौषात धुके असे दाटते की अंगणातला कडुनिंबही दिसेनासा होतो. ऊन वर आले की उत्तरेच्या डोंगरांतून उतरलेला थिरथिरा कुंपणाच्या भिंतीवर येऊन शेपटी थरथरवतो. आमचा तेरा वर्षांचा मोती पूर्वी त्याच्यामागे धावे. आता नुसता पाहतो.

या दिवसांत माझे मुख्य काम श्वास मोजण्याचे. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या खोकणाऱ्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक भरला की न्यूमोनियाची शंका घ्यायची. मोजायचा तो पूर्ण मिनिटभर, बाळ शांत असताना. (बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, हेही दर हिवाळ्यात नव्याने सांगावे लागते.) रात्री कवितेची वही उघडली की तीच बोटे मात्रा मोजू लागतात. राजकवी भास्कर रामचंद्र तांबे याच शहरी १९४१ च्या डिसेंबरात निवर्तले. एखादी मात्रा चुकली की मला अजून त्यांचा धाक वाटतो.

परवा वही तशीच राहिली. मोती झोपेतही धापा टाकीत होता. घड्याळ घेऊन मोजले, तो ४४.

"हृदय थकलंय, डॉक्टर," पशुवैद्य म्हणाले. "झोपेत तिसाच्या वर जायला नको."

गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून रोजचा आकडा मी त्या अर्ध्या कवितेखालीच लिहिते. काल ३२ होता. सकाळी थिरथिरा आला, तेव्हा मोतीने मान उचलली.