ट्रकचे पाटे

मूल हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. एका बाजूला चंद्रपूर आणि दुसऱ्या बाजूला, वैनगंगा ओलांडली की, गडचिरोली. १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधी हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात होता. या भागात सागाची व बांबूची जंगले आहेत आणि सखल जमिनीवर धानाची शेती आहे. म्हणून मूलच्या रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावतात. कोणात धान असते, कोणात तांदळाची पोती, तर कोणात बांबू.

जिथे ट्रक, तिथे गॅरेज. गॅरेजमधल्या मुख्य कारागिराला सगळे 'उस्ताद' म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. मराठी बोलणाऱ्या कारागिरांनीही तो आपलासा केला आहे.

समजा, अशाच एका गॅरेजमध्ये एक जुना ट्रक आला आहे. त्याचा पुढचा आस वाकला आहे. बैलगाडीची दोन चाके ज्या दांड्याला जोडलेली असतात, त्याला आस म्हणतात. ट्रकचा आस पोलादी असतो आणि गॅरेजमध्ये त्याला अ‍ॅक्सल म्हणतात. मालकाला आपल्या ट्रकच्या जातीचा आस मिळाला नाही. म्हणून त्याने एका मोठ्या, भारी ट्रकचा आस आणला आहे. त्याच्याबरोबर त्या ट्रकचे पाटेही आले आहेत.

मालक म्हणतो, "उस्ताद, हे भारी गाडीचे पाटे आहेत. हेच बसवून टाका. जितके कडक, तितके मजबूत!"

उस्ताद मान हलवतात. "नाही शेठ. आधी दोन कामे करा. गाडीच्या नोंदणीचे कागद दाखवा आणि गाडी काट्यावर नेऊन तिचे वजन करून आणा."

उस्तादांनी असे का सांगितले असेल? ते समजण्यासाठी आधी पाटा म्हणजे काय ते पाहू.

तुम्ही टांगा पाहिला असेल. टांग्याच्या खाली धनुष्यासारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या असतात. उर्दूत त्यांना कमानी म्हणतात. ट्रकचे पाटे म्हणजे अशाच, पण फार जाड कमानी. एकाखाली एक अशा अनेक पट्ट्या ठेवून त्यांचा जुडगा करतात. सर्वांत लांब पट्टी म्हणजे मेन पाटा. त्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात. त्या टोकांनी तो चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडला जातो. जुडग्याच्या मधून एक सेंटर बोल्ट जातो. मग इंग्रजी 'यू' अक्षरासारखे बोल्ट घालून सारा जुडगा आसावर घट्ट आवळतात.

पाट्याचे एक टोक चेसिसला पक्के बसवतात. दुसरे टोक मात्र शॅकल नावाच्या हलत्या कडीला अडकवतात. याचे कारण सोपे आहे. वाकलेली पट्टी दाबली की ती सरळ होते, आणि तिची टोके एकमेकांपासून दूर जातात. दोन्ही टोके पक्की जखडली, तर पाट्याला दबायला जागाच उरणार नाही.

पाटे तीन कामे करतात. ते गाडीचे वजन पेलतात. खड्ड्यांचे धक्के सोसतात. आणि आसाला त्याच्या जागेवर धरून ठेवतात. पहिली दोन कामे सर्वांना ठाऊक असतात. तिसरे काम लोक विसरतात. पुढच्या आसाच्या बाबतीत ही विसर जिवावर बेतू शकते, कारण गाडी वळते ती पुढच्या चाकांवर.

आता नोंदणीच्या कागदांकडे वळू. मालवाहू गाडीच्या नोंदणीत प्रत्येक आसावर किती वजन चालेल ते लिहिलेले असते. मोटार वाहन कायदा १९८८ साली झाला. त्याच्या ५२व्या कलमानुसार, कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. म्हणून दुसऱ्या जातीचा आस बसवण्याआधी परिवहन कार्यालयात विचारले पाहिजे. परवानगी नसेल, तर आपल्या ट्रकच्या जातीचा आस शोधणेच बरे. आपण असे धरून चालू की परवानगी मिळाली आहे.

दुसरे काम काट्याचे. काट्यावर फक्त पुढची चाके चढवून वजन करायचे, एकदा रिकाम्या गाडीचे आणि एकदा भरलेल्या गाडीचे. समजा, भरलेल्या गाडीच्या पुढच्या चाकांवर ४२०० किलो वजन आले. यात आस, चाके आणि ब्रेक यांचे ६०० किलो धरलेले आहेत. पण हे ६०० किलो पाट्यांवर येत नाहीत, कारण हे सारे पाट्यांच्या खाली आहे. ते थेट रस्त्यावर टेकते. म्हणजे दोन पाट्यांवर उरले ३६०० किलो. एका पाट्यावर १८०० किलो.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली एक नियम मांडला. स्प्रिंगवर जितका भार वाढवावा, तितक्याच प्रमाणात ती दबते किंवा ताणते. समजा, जुन्या ट्रकचा पाटा २०० किलोला १ सेंटिमीटर दबतो. मग १८०० किलोला तो ९ सेंटिमीटर दबेल. भारी ट्रकचा पाटा ३०० किलोला १ सेंटिमीटर दबत असेल, तर तो फक्त ६ सेंटिमीटर दबेल.

मग कडक पाटा चांगला नाही का? नाही. तो कमी दबतो, म्हणून खड्ड्याचा धक्का चेसिसला आणि ड्रायव्हरच्या पाठीला बसतो. त्याहून वाईट म्हणजे, खडबडीत रस्त्यावर चाक उसळते आणि क्षणभर रस्ता सोडते. जे चाक रस्त्याला टेकलेले नाही, ते वळवूनही गाडी वळत नाही आणि ब्रेक दाबूनही थांबत नाही. उलट पाटा फार मऊ असेल, तर ब्रेक मारताच गाडीचे नाक खाली जाते आणि चेसिस आसावर आदळते. म्हणून पाटा वजनाला बेताचा हवा.

काही जण पाट्यांची संख्या मोजून मजबुती ठरवतात. हाही भ्रम आहे. पाट्याचा कडकपणा त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. लांबी व रुंदी सारखी असेल, तर १० मिलिमीटर जाडीच्या ८ पट्ट्यांपेक्षा १२ मिलिमीटरच्या ५ पट्ट्या अधिक कडक ठरतात. गणित करून पाहा. १० चा घन १०००, त्याची ८ पट ८०००. १२ चा घन १७२८, त्याची ५ पट ८६४०. लांबीचे याच्या उलट आहे. पाटा जितका लांब, तितका मऊ. म्हणून उस्ताद पट्ट्या मोजून थांबत नाहीत. ते जाडी, रुंदी आणि लांबीही मोजतात.

यानंतर जागेची मोजमापे येतात. आसावर पाटा बसण्याच्या दोन जागा असतात. त्या चेसिसच्या पाट्याच्या बरोबर खाली आल्या पाहिजेत. नाहीतर पाटा तिरका बसतो आणि त्याचे बुश लवकर झिजतात. सेंटर बोल्ट नेहमी पाट्याच्या बरोबर मध्ये असतोच असे नाही. पाटा उलटा बसला, तर आस पुढे किंवा मागे सरकतो. एका बाजूला असे झाले, तर गाडी सतत एकीकडे ओढते.

पाट्याचा बाकही महत्त्वाचा आहे. बाक जास्त असेल तर गाडी उंच होते. मग स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा तिरका होतो, आणि खड्ड्यात चाक आपोआप वळते. आसाचा कलही जपावा लागतो. सायकलचा पुढचा चिमटा पाहा. तो थोडा मागे कललेला असतो, म्हणून सायकल सरळ धावते. ट्रकच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो. तो बिघडला, तर स्टेअरिंग सैल वाटते आणि गाडी रस्त्यावर भरकटते.

माप जुळत नसेल, तर पाट्याला गॅसने तापवून वाकवणे किंवा वेल्डिंग करणे हा उपाय नव्हे. लोहार लोखंडाला 'पाणी' देतो, हे तुम्ही ऐकले असेल. पाट्याच्या पोलादालाही तसेच पाणी दिलेले असते. नको तिथे आच लागली की ते उतरते, आणि पाटा त्याच जागी तुटतो.

आता उस्ताद आपला निर्णय सांगतात. "शेठ, तुमच्या गाडीचे इंजिन तेच आहे, हौदा तोच आहे, मालही तेवढाच आहे. आस भारी आला, पण त्याचे वजन पाट्यांवर येत नाही. मग पाटे भारी कशाला? या आसाच्या जागा तुमच्या पाट्यांशी जुळतात, हे मी मोजून पाहिले आहे. तुमचे जुने पाटे बसले आहेत. त्याच मापाचे नवे आणा. आणि दोन्ही बाजूंचे आणा. एक नवा, एक जुना असे चालणार नाही."

मालक विचारतो, "आणि हे भारी पाटे?"

"ते भारी गाडीसाठीच ठेवा."

दोन दिवसांनी काम पूर्ण होते. उस्ताद दोन्ही बाजूंची अंतरे फीत लावून पुन्हा मोजतात. आधी रिकामी गाडी मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहतात. मग ड्रायव्हरला सांगतात, "पहिली खेप भरून आणलीस की परत ये. नवे पाटे एकमेकांवर बसले की बोल्ट थोडे ढिले होतात. ते पुन्हा आवळावे लागतात."

संध्याकाळी ट्रक धानाची पोती घेऊन गडचिरोलीच्या रस्त्याला लागतो. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा गॅरेजसमोर उभा राहतो. उस्ताद पाना घेऊन गाडीखाली शिरतात, आणि बोल्ट खरोखरच अर्धा फेर आवळला जातो.