ओगोवेकाठचं दुसरं आयुष्य

१३ ऑक्टोबर १९०५ रोजी पॅरिसमधल्या आव्हेन्यू द ला ग्रांद आर्मे या रस्त्यावरच्या टपालपेटीत तिशीतल्या एका प्राध्यापकांनी काही पत्रं टाकली. पत्रं आईवडिलांना आणि अगदी जवळच्या स्नेह्यांना होती. मजकूर थोडक्यात असा, की येत्या हिवाळी सत्रापासून मी वैद्यकीच्या पहिल्या वर्गात बसणार आहे आणि पुढे डॉक्टर म्हणून विषुववृत्तीय आफ्रिकेत जाणार आहे.

पत्र लिहिणाऱ्याचं नाव अल्बर्ट श्वाइट्झर. तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट त्यांनी चोविसाव्या वर्षी मिळवली होती. स्ट्रासबुर्ग विद्यापीठात ते ईश्वरविद्या शिकवत, सेंट निकोलस चर्चमध्ये प्रवचन करत, धर्मशिक्षणाच्या एका जुन्या वसतिगृहाचे ते प्रमुख होते. ऑर्गनवादक म्हणून युरोपभर त्यांना मान होता. बाखच्या संगीतावरचं त्यांचं फ्रेंच पुस्तक त्याच वर्षी आलं होतं. प्रतिष्ठा, पगार, राहायला घर, आवडीचं काम, सगळं जागच्या जागी होतं.

स्नेह्यांनी त्यांना वेड्यात काढलं. त्यांचे ऑर्गनचे गुरू शार्ल-मारी विदोर यांनी तर, सेनापतीनं खांद्यावर बंदूक टाकून शिपायांच्या रांगेत जाण्यासारखं हे आहे, अशा शब्दांत त्यांची कानउघाडणी केली. नातेवाइकांना वाटलं, काहीतरी निराशा पदरी आली असणार.

या माणसाची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा संन्यासाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. सुमती देवस्थळे यांनी मराठीत त्यांचं चरित्र लिहिलं आणि आपल्या वाचकांच्या एका पिढीला श्वाइट्झर घरचे झाले. पण १९०५ ते १९६५ या साठ वर्षांचा तपशील जवळून पाहिला, की वैराग्यापेक्षा तयारी, हिशेब आणि चिकाटी यांचंच दर्शन जास्त होतं. आयुष्य नव्यानं मांडायचं म्हणजे काय करावं लागतं आणि त्याची किंमत कोणाकोणाला मोजावी लागते, हे या तपशिलातून कळतं.

निर्णयाची नऊ वर्षं

पत्रांमागचा निर्णय अचानक झालेला नव्हता. श्वाइट्झर यांचा जन्म १४ जानेवारी १८७५ चा, अल्सेसमधल्या कायसर्सबर्ग गावचा. वडील पाद्री. बालपण जवळच्या गुन्सबाख खेड्यात गेलं. १८९६ च्या पेंटेकॉस्ट सणाच्या सुट्टीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, याच गुन्सबाखच्या घरी त्यांनी मनाशी ठरवलं, की तिसाव्या वर्षापर्यंत विद्या आणि कला यांसाठी जगायचं आणि त्यानंतर थेट माणसांच्या सेवेत उतरायचं. आपल्याला इतकं सुख मिळालं, ते फुकट घ्यायचं नाही, ही त्यामागची भावना होती. सेवा कसली आणि कुठं, ते तेव्हा ठरलेलं नव्हतं. निराधार मुलांसाठी काम करायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो जमला नाही. १९०४ च्या शरद ऋतूत टेबलावर पडलेल्या पॅरिस मिशन सोसायटीच्या मासिकात एक लेख त्यांच्या वाचनात आला. गॅबनच्या ओगोवे खोऱ्यात काम करायला माणसं नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. शोध तिथं थांबला.

धर्मोपदेशक म्हणून जाणं त्यांना सर्वांत सोपं होतं. त्यांनी वैद्यकी निवडली, कारण तिथं गरज डॉक्टरची होती आणि त्यांना बोलण्यापेक्षा हातानं काम करायचं होतं. मिशनला त्यांची धर्ममतं फार मोकळी वाटत होती. समितीच्या सभासदांना ते एकेकट्याला जाऊन भेटले आणि फक्त डॉक्टर म्हणून राहीन, असा शब्द दिला, तेव्हा कुठं वाट मोकळी झाली.

मधली सात वर्षं कठीण गेली. सकाळी शरीररचनेचे वर्ग, नंतर ईश्वरविद्येची व्याख्यानं, रविवारी प्रवचन, अधूनमधून पॅरिसला ऑर्गनच्या मैफली. त्या काळातल्या अतोनात थकव्याबद्दल त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १९११ च्या अखेरीस शेवटची परीक्षा झाली. तिची फी विदोर यांच्या रचनेत ऑर्गन वाजवून मिळालेल्या पैशातून भरली होती. सोडायच्या म्हणून ठरवलेल्या कलेनंच नव्या आयुष्याचा खर्च उचलायला सुरुवात केली होती आणि पुढची कित्येक वर्षं ती तो उचलत राहिली.

१९१२ च्या जूनमध्ये त्यांनी हेलेन ब्रेस्लाऊ यांच्याशी लग्न केलं. इतिहासाच्या प्राध्यापकाची ही मुलगी स्ट्रासबुर्गमध्ये अनाथ मुलांच्या देखरेखीचं काम करत होती. आफ्रिकेच्या कामासाठी तिनं परिचारिकेचं शिक्षण घेतलं. पैसे गोळा करणं, हस्तलिखितं तपासणं, सामानाच्या याद्या करणं यात तिचा वाटा बरोबरीचा होता. औषधं आणि साहित्याच्या सत्तर पेट्या आधी रवाना झाल्या. २६ मार्च १९१३ रोजी दोघं बोर्दो बंदरातून जहाजावर चढली आणि १६ एप्रिलला लांबारेनेला उतरली.

कोंबड्यांच्या खुराड्यातला दवाखाना

लांबारेने विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला, ओगोवे नदीच्या काठी आहे. चहूकडे घनदाट अरण्य, रस्ता म्हणजे नदी आणि वाहन म्हणजे होडी. तरीही ते निर्मनुष्य रान नव्हतं. तिथं गालोआ लोकांची वस्ती होती, फांग लोक आतल्या भागातून नदीकडे सरकत होते, ओकुमे लाकडाचा व्यापार जोरात होता. ओंडके तोडून नदीत सोडायच्या कामावर दूरदूरहून मजूर येत आणि जखमा, आमांश, हिवताप घेऊन माघारी जात. युरोपातून आलेल्या माणसाला जो प्रदेश नवी सुरुवात वाटत होता, तो दुसऱ्या कोणाचं तरी पिढ्यान्‌पिढ्यांचं घर होता. ही गोष्ट श्वाइट्झर यांना कळत होती, पण पुरती पचली होती असं म्हणता येणार नाही. त्याकडे पुढे येऊ.

दवाखान्यासाठी इमारत नव्हती. मिशनच्या आवारात कोंबड्यांचं एक जुनं खुराडं होतं. त्याची जमीन साफ केली, भिंतींना चुना लावला आणि काम सुरू झालं. छपराला भोकं होती. त्यातून येणाऱ्या उन्हामुळे डॉक्टरांना आतही टोपी घालून बसावं लागे. पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे दोन हजार रुग्ण येऊन गेले. हिवताप, महारोग, निद्रारोग, चिघळलेल्या जखमा, हृदयविकार आणि अडकलेला अंतर्गळ. अंतर्गळाचा रुग्ण पूर्वी तडफडून मरत असे. आता शस्त्रक्रियेनंतर तो जागा होऊन दुखणं गेल्याचं सांगू लागला.

रोजची शिस्त पाहण्यासारखी होती. सकाळी कामाला सुरुवात होण्याआधी सहा नियम मोठ्यानं वाचून दाखवले जात. डॉक्टरांच्या घराजवळ थुंकू नये. मोठ्यानं बोलू नये. एका दिवसाचं जेवण बरोबर आणावं. परवानगीवाचून रात्री मुक्काम करू नये. औषधाच्या बाटल्या आणि डबे परत आणावेत. आणि महिन्याच्या मध्यावर टपालाचं जहाज नदीतून वर गेलं, की ते परतेपर्यंत तातडीचेच रुग्ण यावेत, कारण तेव्हा डॉक्टर औषधांसाठी युरोपला पत्रं लिहीत असतात. त्या दमट हवेत औषध टिकवायला काचेची बाटली आणि पत्र्याचा डबा लागे आणि दोन्ही दुर्मीळ होते. तपासून झालेल्या रुग्णाच्या गळ्यात दोरीला बांधलेली पुठ्ठ्याची चकती अडकवत. तिच्यावरचा क्रमांक वहीतल्या नोंदीशी जुळे. पुन्हा आल्यावर रोग, औषध, दिलेल्या बाटल्या, सगळं एका नजरेत सापडे. जंगलातल्या या दवाखान्याला उभं राहायला जितका त्याग लागला, तितकीच ही वहीही लागली.

हे नियम रुग्णांच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस होता जोसेफ अझोवानी. आधी तो स्वयंपाकी होता आणि त्याला अनेक भाषा येत. शरीराचे भाग तो खाटकाच्या भाषेत सांगे, म्हणजे या माणसाची उजवी तंगडी दुखते, त्या बाईच्या बरगड्या दुखतात. दुभाषा, मलमपट्टी करणारा, शस्त्रक्रियेतला मदतनीस अशी सगळी कामं त्यानं केली. महायुद्धात पैशांची चणचण झाली आणि त्याचा पगार ७० फ्रँकवरून ३५ वर आला, तेव्हा इतक्या पैशात काम करणं आपल्या इभ्रतीला शोभत नाही असं सांगून तो निघून गेला. पुढे तो परत आला. लांबारेनेच्या कथेत या माणसाला जितकी जागा मिळायला हवी तितकी मिळत नाही, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी काम संपलं की श्वाइट्झर पियानोपुढे बसत. पॅरिसच्या बाख सोसायटीनं त्यांना ऑर्गनसारखी पायपट्टी जोडलेला, आतून जस्ताचा पत्रा लावलेला खास पियानो भेट दिला होता. कला कायमची सुटली असं धरून ते निघाले होते. प्रत्यक्षात त्या एकांतात ती अधिक मुरली.

मोडलेलं पुन्हा मांडणं

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं. अल्सेस तेव्हा जर्मनीत आणि गॅबन फ्रेंचांच्या ताब्यात, त्यामुळे डॉक्टर दांपत्य रातोरात शत्रूपक्षाचं ठरलं. घरावर पहारा बसला. सक्तीच्या रिकामपणात त्यांनी संस्कृतीवरच्या ग्रंथाला हात घातला. सप्टेंबर १९१५ मध्ये एका आजारी बाईला तपासायला नदीवाटे जाताना, तिसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या वेळी पाणघोड्यांच्या कळपातून बोट चालली असताना, जीवमात्राविषयीचा आदर हे आपल्या विचाराचं सूत्र त्यांना सापडलं. भारतीय विचारपरंपरेवर त्यांनी पुढे स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि जैनांच्या अहिंसेची त्यात गांभीर्यानं दखल घेतली.

१९१७ मध्ये दोघांना कैदी म्हणून फ्रान्सला नेलं. बोर्दोत आमांश जडला, छावण्यांत कित्येक महिने गेले. १९१८ मध्ये सुटका झाली तेव्हा तब्येत खालावलेली, डोक्यावर दवाखान्याचं कर्ज आणि आफ्रिकेतलं काम मोडलेलं. १९१९ मध्ये मुलगी झाली. पुढे स्वीडनमधल्या व्याख्यानांनी आणि ऑर्गनवादनानं हात दिला, कर्ज फिटू लागलं.

माझ्या मते श्वाइट्झर यांच्या आयुष्यातलं खरं धाडस १९२४ चं. पहिल्या वेळी उत्साह होता, पुढचं अज्ञात होतं. आता वय ४९ आणि तिथली उमस, ताप, एकटेपण सगळं ठाऊक. एप्रिलमध्ये ते लांबारेनेला पोहोचले, तेव्हा दवाखान्यावर रान माजलं होतं. सकाळी डॉक्टर आणि दुपारी मुकादम असे दिवस गेले. दुष्काळ आणि आमांशाची साथ एकदम आली, जागा अपुरी पडली. नदीच्या वरच्या अंगाला नवी जागा घेऊन रान तोडलं, खांब रोवले आणि जानेवारी १९२७ मध्ये रुग्ण तिकडे हलवले. तिथं रुग्णाबरोबर त्याचे घरचे राहत, आपापलं रांधत. हेमलकशाचा दवाखाना माहीत असलेल्या मराठी माणसाला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

किंमत कोणी दिली?

१९२४ च्या बोटीत हेलेन नव्हत्या. क्षयानं त्यांची प्रकृती ढासळली होती आणि पदरात पाच वर्षांची मुलगी होती. ज्या कामासाठी त्या शिकल्या, झिजल्या, त्यातल्या बहुतेक वर्षांत त्यांच्या वाट्याला दुरूनची मदत आली. मुलीच्या बालपणातून वडील मोठा काळ गैरहजर राहिले. १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, हेलेन मोठ्या हिकमतीनं लिस्बनमार्गे लांबारेनेला पोहोचल्या आणि १९४६ पर्यंत राहिल्या. १९५२ सालचं शांततेचं नोबेल पारितोषिक श्वाइट्झर यांना मिळालं, त्याच्या पैशातून महारोग्यांची वसाहत उभी राहिली. हेलेन १९५७ मध्ये वारल्या. एकाच्या नव्या आयुष्यासाठी दुसऱ्यानं आपलं आयुष्य दुमडून ठेवलं, हे त्यांच्याविषयी लिहिताना गाळता येत नाही.

दुसरी बाजू आफ्रिकेची. आफ्रिकी माणसाला श्वाइट्झर भाऊ म्हणत, पण थोरलेपण स्वतःकडे ठेवत. नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात यावर नेमकं बोट ठेवलं. स्थानिक डॉक्टर घडवण्याकडे लांबारेनेत पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही. वसाहती स्वतंत्र होत होत्या, १९६० मध्ये गॅबनही झाला, तरी रुग्णालयाचा कारभार १९२० च्या दशकातल्या वळणानंच चालला. हा आक्षेप खरा आहे. त्याच खाटांवर हजारो माणसं वाचली, हेही खरं आहे. दोन्ही शेजारी ठेवूनच या माणसाचा आदर करावा लागतो.

४ सप्टेंबर १९६५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, ते लांबारेनेतच गेले. रुग्णालय बंद पडलं नाही. १९८१ मध्ये नवी इमारत झाली आणि संशोधन केंद्र सुरू झालं. हिवतापावरच्या आरटीएस-एस लशीची अखेरची मोठी चाचणी आफ्रिकेतल्या सात देशांत, अकरा केंद्रांवर झाली. लांबारेने त्यांपैकी एक. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये त्या लशीची शिफारस केली. तिथल्या संशोधनात आफ्रिकी शास्त्रज्ञ आज नेतृत्वाच्या जागी आहेत.

चाळिशी-पन्नाशीत सगळं सोडून दूर रानात, खेड्यात जाऊन राहावं, असं आज आपल्यातल्या अनेकांना वाटतं. त्यांनी हे चरित्र जरूर वाचावं आणि त्यातली सात वर्षांची शिकवणी सर्वांत आधी वाचावी. जिथं जायचं तिथल्या लोकांना काय हवं आहे ते विचारावं, ते शिकून घ्यावं, खर्चाची तजवीज आपल्या हातच्या विद्येतून करावी, घरच्यांचा वाटा प्रामाणिकपणे मांडावा. आणि पहिल्या दिवसापासून तिथल्या जोसेफला पुरा पगार, पूर्ण शिक्षण आणि निर्णयाचा हक्क द्यावा. हे शेवटचं काम श्वाइट्झर यांच्याकडून राहिलं. आता जाणाऱ्यांनी सुरुवातच तिथून करावी.