क्वांटमला बघ्यांची गरज नाही

२०२५ मध्ये, क्वांटमच्या शताब्दीतच भौतिकीचे नोबेलही क्वांटमला मिळाले आणि ‘तुम्ही पाहता म्हणून विश्व आहे’ सांगणाऱ्या प्रवचनकारांना नवा हुरूप आला. विजेते क्लार्क, देव्होरे आणि मार्टिनिस यांचे काम विजेच्या मंडलावरचे. त्यात कुणाच्या ध्यानधारणेचा संबंध नाही.

पण ही कल्पना भोंदूंची नव्हे. तिला वजन दिले भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी. १९६१ मध्ये त्यांनी मांडलेला पेच असा: मित्र बंद प्रयोगशाळेत एका कणाचे मापन करतो, विग्नर बाहेर. गणित म्हणते, विग्नर विचारेपर्यंत कणाबरोबर मित्रही दोन्ही शक्यतांत लटकलेला. हे त्यांना पटेना. तेव्हा मित्राच्या जाणिवेपाशीच निकाल लागत असणार, असे त्यांनी ठरवले. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी पुढे अशा विचारांची खिल्ली उडवली: मग विश्व पहिल्या सजीव पेशीसाठी थांबले होते, की पीएचडीधारकासाठी?

२००४ मधला व्हिएन्नाचा प्रयोग मला या वादात सर्वांत बोलका वाटतो. ७० कार्बन अणूंचे रेणू लेसरने तापवून सोडले. कमी तापलेले रेणू लाटांसारखे व्यतिकरणाचे पट्टे उमटवत. तापमान चढत गेले तसे पट्टे पुसट होत गेले. तापलेला रेणू स्वतःच प्रकाश फेकतो आणि आपला ठावठिकाणा आसमंताला कळवतो. तो प्रकाश टिपायला तिथे कुणी बसले नव्हते. शेवटी आलेख माणसानेच पाहिला, हे कबूल. पण पट्टे किती टिकणार हे तापमानाने ठरवले, पाहणाऱ्याने नाही.

आसमंताशी अशा संपर्काने लाटपणा पुसला जाण्यालाच डिकोहिरन्स म्हणतात. जर्मनीच्या डीटर झे यांनी १९७० मध्येच हा विचार मांडला होता.

याने सगळे सुटले असे मात्र नाही. पट्टे का पुसले ते कळले. अनेक शक्यतांतून हाती एकच निकाल का येतो, ते नाही. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांचे अनुयायी म्हणतात, सगळेच निकाल घडतात, वेगवेगळ्या शाखांत. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेच्या २०२५ च्या पाहणीत अकराशेहून अधिक संशोधकांपैकी ३६ टक्क्यांनी नील्स बोर यांच्या, निकाल मापनातच ठरतो म्हणणाऱ्या, कोपनहेगन मताला पसंती दिली, बहुमत कुणालाच नाही.

आणि विग्नर? झे यांचे काम वाचल्यावर त्यांनी जाणिवेचा आग्रह सोडून दिला. प्रवचनांत त्यांचा दाखला देणाऱ्यांनी तो पूर्ण द्यावा, एवढीच अपेक्षा.