हजेरीपटात न मावणारे चार दिवस

पाळीमुळे मुलींची शाळा बुडते. त्यांना पॅड मिळाले की त्या शाळेत येतील. आशिया-आफ्रिकेतल्या अनेक देशांत सरकारं, सेवाभावी संस्था आणि पॅड बनवणाऱ्या कंपन्या अनेक वर्षं हाच हिशेब मांडत आल्या आहेत. तो सोपा आहे आणि ऐकताक्षणी पटतो. एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी मात्र तो नेपाळच्या चितवन जिल्ह्यात तपासून पाहिला. चार शाळांतल्या १९८ मुलींपैकी साधारण निम्म्या मुलींना त्यांनी सोडत काढून मेन्स्ट्रुअल कप दिले आणि सगळ्यांच्या हजेरीवर लक्ष ठेवलं.

२०११ साली अभ्यास छापून आला. १८० दिवसांच्या शालेय वर्षात पाळीपायी एका मुलीचा अर्धा दिवससुद्धा बुडत नव्हता. कप मिळाल्याने हजेरीत काहीच फरक पडला नाही.

मग पाळीचा आणि शिक्षणाचा संबंधच नाही, असं म्हणायचं का? तसं म्हणणं मोठी चूक ठरेल. एक तर चितवन म्हणजे सगळा नेपाळ नव्हे. पश्चिमेकडच्या अछाम, बाजुरा भागात पाळीच्या दिवसांत बायका-मुलींना घराबाहेरच्या गोठ्यात किंवा झोपडीत ठेवण्याची ‘छाउपडी’ची चाल आहे. गडचिरोलीतल्या माडिया वस्त्यांमधलं कुर्माघर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये छाउपडीवर बंदी घातली. पुढे २०१७ च्या कायद्याने ती पाळायला लावणाऱ्याला तीन महिने कैद, तीन हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरवली. तरीही थंडीत शेकोटीच्या धुराने गुदमरून किंवा साप चावून मृत्यू झाल्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या.

दुसरं असं, की चितवनच्या मुलींना कप आवडले होते. सहा महिन्यांत साठेक टक्के मुली ते वापरू लागल्या आणि फडकी धुण्याचा त्यांचा वेळ वाचला. ती फडकी कुणाच्या नजरेस पडणार नाहीत अशी धुवायची, दुसऱ्या कपड्यांखाली वाळत घालायची, हे काम आपल्याकडच्या किती घरांनी पाहिलं आहे! उन्हात न सुकलेलं दमट फडकं पुन्हा अंगाला लागतं. हजेरीपटात यातलं काहीच उतरत नाही. मुलगी बाकावर बसलेली असते, म्हणून हजेरी लागते. डाग पडेल या भीतीने तिने हात वर केला नाही, उत्तर येत असूनही ती फळ्यापाशी गेली नाही, याची नोंद कोण ठेवणार?

पश्चिम केनियातल्या खेड्यांमधल्या मुलींनी संशोधकांना नेमकं हेच सांगितलं. वास येईल, मुलं हसतील, या धास्तीने वर्गात लक्ष लागत नाही. पॅड परवडत नाहीत, मग जुनं कापड, नाहीतर गादीचा फाडलेला तुकडा वापरायचा. त्याच भागात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पंधरा वर्षांच्या दर दहा मुलींमागे एकीने सांगितलं, की पॅडच्या पैशांसाठी शरीरसंबंध ठेवावे लागले. पॅड फुकट देण्यासाठी याहून वेगळं कारण शोधत बसायची गरज नाही. त्याने हजेरी किती टक्क्यांनी वाढते हा प्रश्न इथे गौणच आहे.

केनिया या बाबतीत पुष्कळ देशांच्या पुढे होता. पॅडवरचा विक्रीकर त्याने २००४ मध्येच काढला. भारतात पॅडवरचा जीएसटी रद्द व्हायला २०१८ चा जुलै उजाडला. २०१७ मध्ये केनियाने सरकारी शाळेतल्या, वयात आलेल्या प्रत्येक मुलीला पुरेसे आणि चांगल्या प्रतीचे पॅड मोफत देण्याचा कायदा केला. त्यानंतर दोनच वर्षांनी बोमेट भागातल्या चौदा वर्षांच्या एका मुलीने आत्महत्या केली. कपड्यांना डाग लागल्यावर शिक्षिकेने तिला घाणेरडी म्हणून वर्गाबाहेर उभं केलं, असं तिच्या आईने सांगितलं. तिच्याजवळ पॅड नव्हता.

महाराष्ट्राने ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजना सुरू केली. जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना बचत गटांमार्फत आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत मिळू लागलं. उत्तम. पण शाळेत तो पॅड बदलायचा कुठे? भारतातल्या शाळांमध्ये स्वच्छतागृहं बांधली गेली तेव्हा पटसंख्येवर काय परिणाम झाला, हे संशोधक अंजली अदुकिया यांनी अभ्यासलं. लहान मुलामुलींना कुठल्याही स्वच्छतागृहाचा फायदा झाला. वयात आलेल्या मुलींची पटसंख्या मात्र मुलींसाठी वेगळी सोय होती तिथेच वाढली. वेगळी सोय म्हणजे दारावर नुसती पाटी नव्हे. आतून लागणारी कडी हवी, बादलीत पाणी हवं, आणि किल्ली मागायला मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंत जावं लागता कामा नये.

वापरलेल्या पॅडचं काय करायचं हेही ठरलेलं हवं. झाकणाची बादली नसेल तर मुलगी तो दप्तरात घालून घरी नेते, नाहीतर संडासात टाकते आणि संडास तुंबतो. केनियाच्या कायद्यात पॅडची सुरक्षित विल्हेवाट लावणं ही सरकारची जबाबदारी आहे, असं मोफत पॅड देण्याच्या कलमातच लिहिलेलं आहे. पॅडवाटपाचे फोटो छापून येतात. झाकणाची बादली रोज रिकामी करणाऱ्या बाईचा पगार कुठल्या खात्यातून द्यायचा, हे अजून बऱ्याच शाळांच्या अंदाजपत्रकात लिहिलेलं नसतं.